दहिवर पडावे

अण्णा, धाकट्या भावाने तुमच्याविषयी लिहिले आहे ते खरे नाही. आज, तुमच्या श्राद्धाच्या दिवशी, त्याने घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक मजकूर टाकला: अण्णांनी वेधशाळेत दहिवराचे भाकीत केले, ते स्वतः रेडिओवर वाचले आणि निफाडच्या द्राक्षबागा वाचवल्या. खाली सगळ्यांनी हात जोडले. मी इथे परदेशी, एर्लांगेनला, मुलाच्या स्वयंपाकघरात बसून ते वाचले आणि चष्मा काढून ठेवला. भाकीत करणारे साहेब वेगळे होते व ते इंग्रजीत करीत. तुम्ही त्याचे मराठी करीत होता. रेडिओवर तर तुम्ही जन्मात कधी बोलला नाहीत. आणि बागा वाचल्या नव्हत्या. शिवाय त्याने ‘भाकित’ ऱ्हस्व लिहिले आहे, हे तुम्हांला मुळीच खपले नसते.

ती सकाळ माझ्यासमोर अजून जशीच्या तशी आहे. मी कॉलेजात आहे, तुमचा विसरलेला डबा घेऊन कचेरीत आलो आहे. तुमच्या टेबलापाशी फेटा बांधलेले एक बागायतदार उभे आहेत आणि टेबलावर काळा पडलेला द्राक्षाचा पाला आहे. तुम्ही लिहिले होते: ‘हवा कोरडी राहील, पहाटे दहिवर पडावे असा अंदाज आहे.’ रेडिओच्या निवेदकाला वेळ कमी होता, त्याने वाक्याचे शेपूट कापले. निफाडला ऐकू गेले ते एवढेच: पहाटे दहिवर पडावे.

“तुम्ही म्हणाला पडावं, आणि पडलं की साहेब! आमचं-तुमचं काय वाकडं होतं?”

आतून तुमचे वरिष्ठ बाहेर आले, त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अहो, तुम्ही अंदाज देता की शाप देता?” कचेरी हसली. शेवटी ते बागायतदारही हसले. तुम्ही हसला नाहीत. त्यांना पाणी दिलेत, बसवलेत आणि समजावलेत, की आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली म्हणजे जमीन दिवसाची ऊब रात्री राखू शकत नाही, वर देऊन टाकते. मग पानांवरचे दव गोठते, तेच दहिवर. शेपूट दुसऱ्याने कापले, हे मात्र तुम्ही त्यांना सांगितले नाहीत, साहेबांनाही नाही.

संध्याकाळी तुम्ही पिठले ढवळत होता, कारण आई माहेरी गेली होती. मी त्या फेट्याची नक्कल केली. तुम्ही मागे न वळता म्हणालात, “हसू नकोस. त्यांचा पाला जळला आहे.” आणि थोड्या वेळाने, जणू पिठल्यालाच सांगावे तसे, “विध्यर्थ एकटा सोडू नये. त्याच्या पोटात इच्छा असते, कर्तव्य असते, तर्कही असतो. सोबतीला कोणी नसले, की ऐकणारा त्यातला सर्वांत वाईट अर्थ उचलतो.” दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ‘शक्यता आहे’ असे लिहू लागलात. निवृत्तीपर्यंत तुमच्या बातमीपत्रात दहिवर पुन्हा ‘पडावे’ झाले नाही.

मी पुढे चाळीसएक वर्षे मुलांना हेच शिकवले. इच्छा, कर्तव्य, तर्क, योग्यता. फळ्यावर चार रकाने. आता अंगात ते बळ नाही. इथे सप्टेंबरभर पाऊस नाही. नदीकाठचे गवत पिवळे पडले आहे, सायकली गेल्या की धूळ उठते, आणि त्या धुळीने माझा खोकला परतला आहे. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला होता; तेव्हापासून या घरात हवामान हा माझ्या प्रकृतीचा विषय झाला आहे. न्याहारीला नात फोनवर पाहून अंदाज वाचून दाखवते. ती मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. तीन दिवसांपूर्वी तिने वाचले: आठवडाभर कोरडे, रात्री निरभ्र, पहाटे सखल भागात बोडनफ्रॉस्ट. मी म्हटले, “दहिवर.” ती म्हणाली, “गेनाऊ, आजोबा,” म्हणजे अगदी बरोबर, आणि पावाला लोणी लावू लागली.

तेव्हाच मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही या हिवाळ्यात पुण्याला जावं.”

एवढेच. पुढे काही नाही. मी चहाचा कप खाली ठेवला. पुण्याच्या घरात आता कोणी नाही. खालच्या मजल्यावर धाकटा आहे, पण त्याचा संसार त्याला पुरतो. मी विचारले, “जावं म्हणजे? इच्छा, कर्तव्य, की तर्क?”

“बाबा, प्लीज. मी बोलतोय. पेपर नाही लिहीत.”

“अहो बाबा, आल्झो, म्हणजे, तो तसं नाही म्हणत,” सूनबाई मध्ये पडल्या. मग त्याच्याकडे वळून, “अरे, नीट सांग ना!”

“नीटच सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंयस.”

“गेट आजोबा वेक?” नातीने विचारले. आजोबा जाणार का, एवढा अर्थ मलाही कळला.

दोन दिवस मी त्या ‘जावं’चा अन्वय लावीत राहिलो. या घरात मी जड झालो आहे का? दिवसभर मी सूनबाईंच्या मराठीत दुरुस्त्या सुचवतो, हे त्यांना डोईजड होत असेल. खोकल्याने नातीची झोप मोडते. प्रत्येक अर्थाला पुरावा मिळत होता, आणि मी त्यांतला तुम्ही सांगितलेलाच, सर्वांत वाईट, उचलला.

काल पहाटे दहिवर पडले. मी उठलो तेव्हा मुलगा बाल्कनीत टोमॅटोच्या कुंड्यांवरून जुनी चादर काढत होता. वरची पाने वाचली होती. कठड्याबाहेर राहिलेली एक फांदी काळी पडली होती. त्याने माझ्या गळ्याभोवती स्वतःचा मफलर गुंडाळला, जरा जास्तच आवळून. मी पुन्हा विचारले, पण व्याकरण बाजूला ठेवून: “मी जावं, असं तुला का वाटतं?”

तो चादरीची घडी घालत राहिला. “जानेवारीत तुमच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसायचो मी. श्वास चालू आहे का ते ऐकत. पुन्हा तसं नाही बसवणार मला, बाबा.” मग म्हणाला, “भीती वाटते. बास. याला तुमच्यात काय म्हणतात?”

याला माझ्या फळ्यावर रकाना नव्हता. मी म्हटले, “तिकीट काढ.” त्याने मान हलवली आणि घडी घातलेली चादर पुन्हा उलगडून झटकली.

धाकट्याला मी उत्तर पाठवणार नाही. वाद घालण्याइतका श्वास उरलेला नाही. हे पत्रही कुठे जायचे नाही. तरी चूक तशीच ठेवून उठवत नाही, म्हणून त्याने दिलेले दिवस असे दुरुस्त करून ठेवतो.

दहिवर पडले ते पौषात, संक्रांतीच्या आधी. ‘होळीच्या सुमारास’ नव्हे.

बागायतदार कचेरीत आले ते संक्रांतीनंतर; बातमीपत्राच्या ‘दुसऱ्याच दिवशी’ नव्हे.

तुमची निवृत्ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, वयोमानाप्रमाणे. ‘त्याच वर्षी, स्वेच्छेने’ नव्हे.

मी एर्लांगेनला आलो ते गेल्या वर्षी गणपतीनंतर, ‘दिवाळीत’ नव्हे.

मी पुण्याला परतणार, असे त्याने मुलाकडून ऐकून लिहिले आहे, ‘दिवाळी करून’. तसे नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचे आहे. काल संध्याकाळी तिकीट हातात आले, तेव्हा मी तारीख दोनदा वाचली, बरोबर आहे म्हणालो, आणि आपल्या खोलीत गेलो. अण्णा, मुलाने ‘राहा’ म्हणावे, अशी माझी इच्छा होती.