सोलांजचा रानबोकड

३ मार्च
सोलांजच्या तळघरात रानबोकड निघाला! कातळात कोरलेला, गुहेतल्या माणसांच्या काळातला. बदकांची खुराडी हलवताना दिसला म्हणे. अख्खं लेझेझी गाव तिच्या दारात लोटलंय. आमची दोघींची घरं एकाच कड्याला पाठ टेकून उभी, मागची भिंत म्हणजे तोच कातळ — आणि बोकड नेमका तिच्या वाट्याला!

६ मार्च
मेयर आले, पेपरवाले आले. सोलांजने चर्चला जायचा निळा कोट घालून फोटो काढून घेतला. खुराड्यांत उभी राहून! पाव आणायला गेले तर बेकरीवाली ओरडली, "आली बघा सोलांजची शेजारीण!" म्हणजे मला आता नावसुद्धा नाही. जळतेय मी. हो, जळतेय!

७ मार्च
माझा नवरा गास्तोंही तिकडेच. कंदील धरायला.

१५ मार्च
बटाटे बाजूला सारून आमच्या तळघराची भिंत घासायला घेतली. गास्तों जिन्यातून हसला, "काय गं इव्हेत, तुलाही बोकड हवाय?"
"दात काढू नकोस. उजेड दाखव!"

२ एप्रिल
घोडा! अख्खा घोडा, मान वळवून बघणारा. मी खालीच बसले आणि रडले. गास्तोंने टोपी काढली. उद्या मेयरकडे जायचं. बघू आता बेकरीवाली काय म्हणते ते.

३ एप्रिल
कोट घालून निघालो, तर सोलांज पायरीवर बसलेली, भोवती सामान आणि बदकं. सरकारी माणसांनी घराला सील ठोकलंय. श्वासाने, चुलीच्या धुराने बोकड खराब होतो म्हणे — घर रिकामं करा!
गास्तोंने माझा दंड धरला. "मागे फिर. अवाक्षर काढायचं नाही."
घोड्यासमोर कपाट सरकवलं.

४ एप्रिल
इतका देखणा, आणि कुणाला दाखवायचा नाही! तिच्या बोकडाला धड मागचे पाय नाहीत. तरी फोटो तिचाच.

१० एप्रिल
सोलांज आमच्याकडे राहायला आली. जाणार कुठे बिचारी? मीच बोलावलं. तर जेवताना पुन्हा बोकडपुराण. "तसा दुसऱ्या कुणाकडे निघायचा नाही," म्हणाली. गास्तोंने टेबलाखालून माझा पाय दाबला. सूप कसंबसं गिळलं.

१२ एप्रिल
सोलांज बटाटे आणायला तळघरात गेली. बऱ्याच वेळाने वर आली. हात धुतले, माझ्याजवळ बसून अक्रोड फोडायला लागली.
"कपाटामागे फट राहिली होती," हळूच म्हणाली. "घट्ट लावून आलेय." मग सोललेला अक्रोड माझ्या हातावर ठेवला. "तुझा जास्त देखणा आहे गं, इव्हेत."