आमचा धंदा अगदी बसलाय

महदिया,
मोठ्या ईदेच्या दीड महिना आधीचा शुक्रवार

आदरणीय खमीसमामांना भाचा नौफलचा मनापासून सलाम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला गेला का? मार्सेयचा वारा हाडांत शिरतो असं तुम्ही लिहिलंत, तेव्हापासून आईने मला लोकरीचे मोजे शोधायला लावलंय. (सापडले. पण त्यात मांजरीने पिल्लं घातली आहेत, म्हणून पाठवत नाही.) इकडे आम्ही सगळे मजेत, म्हणजे तसे वाईटच आहोत, पण अल्लाची कृपा. तुमच्या खजूर भरलेल्या मक्रूद मिठाईच्या भट्टीचा धंदा बसलाय असं तुम्ही दर पत्रात लिहिता, त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं. त्या विषयाकडे मी येतोच.

बाहेरचे धंदे आपल्या शहरात यावेत म्हणून इथे एक कचेरी उघडली आणि मला कबरस्तानाच्या नोंदींवरून उचलून तिथे बसवलं, हे आईने कळवलं असेलच. कचेरीत झुबैरसाहेब, मी आणि एक पंखा. राजधानीतून बजावलंय की मोठ्या ईदेपर्यंत एक तरी कारखाना आणा, नाहीतर कचेरीला कुलूप. म्हणजे मी परत मेलेल्यांत. आणि मामा, खरं सांगू का, मला आता जिवंत माणसांची चटक लागली आहे. मेलेले भांडत नाहीत, उलट बोलत नाहीत, चहासुद्धा मागत नाहीत. कंटाळा येतो हो.

अशात बेल्जियमहून एक पाहुणे आले. नाव व्हर्मेलेन, धंदा तंबू शिवण्याचा, चेहरा लालबुंद आणि स्वभाव इतका सरळ की जे सांगाल ते खरं मानतात. त्यांना आपल्या किनाऱ्यावर दुसरा कारखाना काढायचा होता. झुबैरसाहेबांनी नकाशे दाखवले, बंदर किती खोल ते सांगितलं, दोनदा बदामाचं सरबत पाजलं. पाहुणे म्हणाले, छान, आता मी बाजारात जाऊन लोकांनाच विचारतो की धंदा कसा चाललाय. आपल्या गावात परक्या माणसाने धंदा कसा चाललाय म्हणून विचारायचं, आणि त्याला कोणी खरं सांगायचं?

पहिले भेटले तेलघाणीवाले हेदी. (तुमच्या लग्नात तीनदा जेवून उपाशी राहिल्याची तक्रार केली होती, तेच.) गेल्या हंगामात त्यांची घाणी क्षणभर थांबली नाही, इटलीहून नवं यंत्र आलंय, आणि नवी गाडी ताडपत्रीखाली झाकून वर नजर लागू नये म्हणून जुना टायर आणि मेंढ्याचं शिंग ठेवलंय. तर हेदींनी सुस्कारा टाकला आणि सांगितलं की घाणी भंगारात काढायची आहे, जैतुनाची झाडं रुसली आहेत, पोरं बिनकामाची निघाली. पाहुण्यांनी धीर द्यायला म्हटलं, अहो पण यंत्र किती सुंदर आहे तुमचं. झालं. नजर परतवायला हेदींनी पाचही बोटं त्यांच्या तोंडासमोर धरली, माशाचं नाव घेतलं आणि यंत्रावर घाईघाईने गोणपाट टाकलं. पाहुणे बिचारे मागे सरकले ते थेट पेंडीच्या ढिगात बसले.

मग रेशीम विणणाऱ्या झोहरामावशी. पुढच्या दोन उन्हाळ्यांतल्या नवरीमुलींचे पोशाख त्यांच्याकडे ठरलेले आहेत. त्या म्हणाल्या, माग आता सरपणाला काढायचा, या गावच्या मुलींना सुईत दोरा ओवता येत नाही. (शिकायला येणाऱ्या सगळ्या मुली त्यांनी आतल्या खोलीत कोंडल्या होत्या, त्यांच्या बोटांना कोणाची नजर लागू नये म्हणून. आतून खिदळणं ऐकू आलं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, हे काय? मावशी म्हणाल्या, उंदीर.) बंदरावर तर कहरच. तारल्यांनी होड्या काठोकाठ भरल्या होत्या, आणि कोळी त्या उपसता उपसता सांगत होते की समुद्रात आता काही उरलं नाही.

पाहुण्यांचे डोळे भरून आले. अशा दुःखी गावात कारखाना काढणं आपल्याला झेपणार नाही, म्हणाले, संध्याकाळच्या गाडीने निघतो. आता काय करायचं? निदान उपाशी पाठवू नये म्हणून त्यांना घरी जेवायला आणलं. आईने दारातच माफी मागितली की घरात काही नाही, शिळ्या पावावर भागवून घ्या. त्यांनी तेही खरं मानलं आणि खिशातलं बिस्किट काढून तिला देऊ केलं. मग ताटं यायला लागली. माशाचा कुसकुस, भरलेली माकुलं, भाजलेल्या मिरच्यांची कोशिंबीर, आणि शेवटी आजीच्या हातचे असायचे तसे मक्रूद. आई वाढत होती आणि आज सगळं बिघडलं म्हणून हळहळत होती. पाहुण्यांनी बिस्किट परत खिशात टाकलं आणि ताट चाटूनपुसून संपवलं. मग चमचा खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "या गावात सगळ्यात जास्त रडतं कोण?"

"तेलघाणीवाले हेदी," मी म्हणालो.

"मग मला त्यांच्या शेजारची जागा दाखवा."

हेदींनी सांगितलं, तिथे साप आहेत, जमीन खारट आहे, गाढवसुद्धा उभं राहत नाही. पाहुणे इतके खूष झाले की तिथल्या तिथे जागा नक्की केली. बांधकाम पुढच्या वर्षी, म्हणून ते बेल्जियमला परत गेले.

मग अडलं कुठे, असं तुम्ही विचाराल. अडलं आमच्या साहेबांपाशी. राजधानीहून फोन आला, काही जमलं का म्हणून. झुबैरसाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खिशातला नजरेचा चांदीचा मासा घट्ट धरला आणि म्हणाले, "कुठलं काय, इकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही." कारखाना उभा राहून त्यावर शिंग टांगलं जाईपर्यंत ते तोंड उघडायचे नाहीत. राजधानीवाल्यांनी ते खरं मानलं. (तिथे बहुतेक बाहेरची माणसं बसली असावीत.) ईद झाली की कुलूप.

बाकी सगळं छान, म्हणजे वाईटच. मामींना सलाम.

तुमचा भाचा,
नौफल

ता. क. मला फक्त एक धंदेवाला हवा आहे, जो ईदेआधी राजधानीत जाऊन न घाबरता सांगेल की मी महदियाला आलो आणि माझं उत्तम चाललंय. इथल्या कोणाची जीभ ते बोलायला वळणार नाही. तुम्ही इतकी वर्षं फ्रान्समध्ये काढलीत, तुम्हाला जमेल. मामा, भट्टी इकडे हलवा.

आणखी एक. धंदा बसलाय हे कारण चालणार नाही. मागच्या पत्रात तुम्ही पानंच्या पानं रडलात, त्यावरून दुसरी भट्टी पेटली हे आम्ही ओळखलं. अभिनंदन. (आईने लगेच तुमच्या फोटोभोवती धूप फिरवला.)

शेवटचं. आई सांगते आहे, लिही, वरची खोली गळते, पडायला आली आहे, तिथे माणूस राहू शकत नाही, आणि मला भावाची मुळीच आठवण येत नाही. ती हे सांगते आहे तेव्हा तिच्या हातांना वरच्या भिंतींचा ओला चुना कोपरापर्यंत लागला आहे.