नाही म्हणजे पास

१५ मार्च १९६४
डहाणूच्या कॅम्पचा रिझल्ट आला. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी बायकांच्या पिशवीच्या तोंडाचं पाणी काचेवर घेऊन तपासलं. माझी बायको जमुना आणि माझ्या होडीवरच्या रघ्याची बायको गंगी, दोघींचं सारखंच. कॅन्सर नाही, पण पेशी थोड्या वेगळ्या दिसतात. पुष्कळदा आपोआप सुधारतं, तरी तीन महिन्यांनी मुंबईला येऊन परत तपासा, चुकवू नका. मी लगेच ओळखलं. नाही म्हणजे पास. जमुना म्हणाली, मग परत कशाला बोलावतात? हिला शंका फार. रघ्या सल्ला विचारायला आला. दिला. अख्ख्या झाई गावात होडीवाल्यांपैकी इंग्रजी वाचतो कोण? मीच.

२९ एप्रिल
महालक्ष्मीच्या जत्रेत दोघींसाठी नवस बोललो. म्हणजे ट्रीटमेंट सुरू. तारीख आली की मी स्वतः नेणार. ठरलं!

१६ जून, सकाळी
तारीख आली. पण सुके बोंबील खपायचे हेच दिवस, पाड्यापाड्यांवर लोक पावसाची बेगमी करतात. ते टाकून मुंबई? जमुना पाटी उचलून तलासरीच्या बाजाराला गेली, दोन-चार दिवस लागतील म्हणाली. गंगीलाही चल चल करत होती. रघ्याने मला विचारलं. म्हटलं, छे, मग इथली सुकत घातलेली मच्छी कोण उचलणार?

२१ जून
जमुना आली. चेहरा उतरलेला, पण पाटी रिकामी. बाई डोक्यावर पाटी घेऊन चालते म्हणजे ठणठणीत. कल्ले बघून मला मासा कळतो, बायको कळणार नाही? नारळी पौर्णिमा झाली की नक्की नेतो.

२४ ऑगस्ट
नारळ वाहिला, होडी पाण्यात. सीझन. दिवाळीनंतर नक्की.

९ फेब्रुवारी १९६५
जमुना परत तलासरीला. या बाजाराचं हिला वेडच लागलंय. रघ्या म्हणाला, गंगीच्या अंगावरून जातंय. म्हटलं, वयाचं असतं. आमच्या जमुनाकडे बघ, माझं ऐकलं, कशी टुणटुणीत आहे.

४ डिसेंबर १९६६
रघ्याने गंगीला मुंबईहून परत आणलं. उशीर झाला म्हणतात. घरीच ठेवा, आवडेल ते खाऊ घाला.

संध्याकाळी तो ओट्यावर आला. मी धीर द्यायला तोंड उघडलं तर म्हणाला, डॉक्टरीणबाई जमुनाची चौकशी करत होत्या. म्हणाल्या, चौसष्टच्या जूनमध्येच आली, एवढासा भाग खराब होता, काढून टाकला, सांगितल्या तारखेला तपासायला येते, आता काही नाही. मग म्हणाला, नारूशेट, स्वतःची बायको गुपचूप नेलीत आणि माझी अडवलीत?

जमुना दारातच उभी होती. मला यातलं काडीचं माहीत नव्हतं, हे सांगायला हवं होतं. पण बायको मला न विचारता मुंबईला जाते, हे गावात कळलं असतं तर? मी म्हटलं, हो, मीच नेलं होतं.

रघ्या उठून गेला. जमुनाने माझ्याकडे बघितलं. गंगीसाठी पेज घेतली आणि त्याच्या मागून तीही गेली. मला वाढायला घरात कुणी नव्हतं.