सिन्नर, जाऊन-येऊन

२ फेब्रुवारी, सोमवार
माफी असावी. मागची नोंद १४ एप्रिलची आहे. त्यात ‘आजपासून रोज लिहीन’ असं लिहिलंय. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा, मग पेन सापडेना. आता रोज.

मुलाने, विशालने, इलेक्ट्रिक गाडी घेतली. एवढी मोठी की मरोळच्या आमच्या पार्किंगमध्ये शेजारच्या साठेंना स्कूटर काढताना पोट आत घ्यावं लागतं. कंपनी म्हणते एका चार्जिंगला ५४२ किलोमीटर. मी एकतीस वर्षं बस चालवली. ५४२ आकडा ऐकून झोप लागली नाही.

४ फेब्रुवारी
द्रौपदीताईचा फोन. पाच वर्षांनी. सिन्नरला नवीन घर बांधलंय. २२ तारखेला, रविवारी, अकरा वाजता गृहप्रवेश. आधी बुद्धवंदना, मग फित. फित भावानेच कापायची असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय. मी म्हणालो, आता आपल्याकडे मोठी गाडी आहे. ती म्हणाली, “भिमा, गाडीला नाही बोलावलं. तू ये. या वेळी नाही आलास तर परत फोन करायची नाही मी.”

मी ताईकडे जात नाही हा गैरसमज आहे. भाचीच्या लग्नाला ड्युटी होती. दाजी वारले तेव्हा कसाऱ्यापर्यंत गेलो होतो. पुढे घाटात ट्रॅफिक आहे असं एका ट्रकवाल्याने सांगितलं.

या वेळी नक्की. संकल्प.

७ फेब्रुवारी, शनिवार
गाडीची पहिली चाचणी स्वतः घेतली. विशाल म्हणाला, बाबा, हळू. डेपोत १९९३ साली डिझेल वाचवण्यात मी पहिला आलो होतो, बक्षीस स्टीलचा डबा, त्यात अजून चहापत्ती असते. मला हळू सांगतो.

मरोळ, पवई, आरे, परत मरोळ, असं दोनदा. ४० किलोमीटर. चार्ज दहा टक्के खाल्ला. म्हणजे पूर्ण चार्जला ४००. बाकीचे १४२ कंपनीने कुठे मोजले ते कंपनीलाच ठाऊक. सिन्नर इथून १८५. जाऊन-येऊन ३७०. उरले ३०. तीस किलोमीटरवर माणसाने विसंबायचं?

विशाल म्हणतो वाटेत जागोजागी चार्जर आहेत. असतील. पण आपण पोचू तेव्हा तिथे दुसऱ्याची गाडी लावलेली असणार. मी माणसं ओळखतो.

१० फेब्रुवारी
वॉचमन राजेशने मोबाइलमध्ये कुठल्या तरी बॅटरीला आग लागल्याचा व्हिडिओ दाखवला. स्कूटरची होती, पण बॅटरी ती बॅटरी. ताबडतोब सोसायटीला अर्ज दिला: रात्री दहा ते सकाळी सात चार्जिंगचा मेन स्विच बंद ठेवावा. सेक्रेटरी साठेच आहेत. त्यांनी उभ्या उभ्या मंजूर केला. एवढ्या झटपट सोसायटीत काहीच होत नाही. माझ्या शब्दाला वजन आहे.

घरी सांगायचं राहिलं.

१५ फेब्रुवारी
एसी चार्ज खातो. गाणीही खात असावीत. प्रियंकाला, म्हणजे सुनेला, सुचवलं की २२ तारखेला एसी बंद, गाणी बंद, बॅगा कमी. ती म्हणाली, श्वास घेतला तर चालेल ना बाबा? घरात थट्टा फार वाढली आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार
उद्या जायचं. आज शेवटची चाचणी, भरल्या वजनाने. विशाल ८२ किलो, प्रियंका ५८. एकूण १४०. पाणीवाल्याकडून वीस लिटरचे सात जार आणून सीटवर बसवले, पट्टे लावले. चार्ज ७१ टक्के.

कसारा घाट हाताशी नसल्यामुळे आरेतला चढ घेतला. तबेल्यापर्यंत वर, खाली, परत वर. चौदा फेऱ्या. बससाठी उभे असलेले लोक पाचव्या फेरीपासून हात दाखवू लागले. नंतर घाटातला ट्रॅफिक कसा सोसेल ते बघायला दोन तास एसी लावून झाडाखाली थांबलो. डुलकी लागली.

एक जार सांडला. लेदर पुसलं जातं असं कंपनी म्हणते. तेही ५४२ सारखंच.

परत आलो तेव्हा १४ टक्के. सव्वानऊला स्वतःच्या हाताने चार्जिंगला लावली. सकाळपर्यंत फुल. आता काळजीचं कारण नाही. नवा सदरा काढून ठेवला. फितीसाठी घरची कात्री घेतली, लोकांच्या कात्र्या बोथट असतात.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९.३०
साडेपाचला खाली गेलो. १९ टक्के. राजेशने दहाच्या ठोक्याला मेन स्विच बंद केला होता. नियम आहे म्हणाला. अर्जाची कॉपी दाखवली, खाली माझी सही. विशाल बराच वेळ सही बघत होता.

मग म्हणाला, बसा, मुलुंडला फास्ट चार्जर आहे, तिथे अर्धा-पाऊण तास लावू. सहाला निघालो. पवईच्या तलावापाशी १८ झाले. माझ्या हिशेबात हे बसेना. वजन कमी करणं गरजेचं होतं. मी ७१ किलो. थांबवायला सांगितलं आणि उतरलो. प्रियंका म्हणाली, “बाबा, मुलुंड आठ किलोमीटरवर आहे. ढकलत नेली तरी पोचू.”

तिला गाडीतलं कळत नाही. कात्री विशालकडे दिली. बसने घरी आलो.

कोणी तरी त्याग करावाच लागतो.

सकाळी १०.१५
विशालचे चार मिस्ड कॉल. गाडी ऐंशी टक्के झाली होती. रिक्षाने मुलुंडला या, थांबतो, असा मेसेज. पावणेआठचा. माझा फोन तेव्हा कपाटावर चार्जिंगला होता.

रात्री ८
आले. वाटेत चार्जर मोकळा मिळाला म्हणे, गाडीत अजून चार्ज उरलाय. किती ते मी विचारलं नाही.

ताईने साडेबारापर्यंत फित कापू दिली नाही. माणसं पंगतीला खोळंबली. मग स्वतःच कापली, माझ्या कात्रीने. कात्री तिकडेच राहिली.

माझ्याबद्दल काय म्हणाली विचारलं. विशाल म्हणाला, काही नाही. गाडीत बसून विहारापर्यंत एक चक्कर मारून आली. उतरताना एवढंच विचारलं, एकदा चार्ज केली की किती जाते? त्याने सांगितलं, चारशे. ती म्हणाली, “म्हणजे जाऊन-येऊन पुरलं असतं.” आणि आत गेली.

२३ फेब्रुवारी
फोन मीच करणार होतो. बॅटरी ६१ टक्के दाखवत होती. ताईशी बोलणं लांबणार, मध्येच बंद पडला तर तिला वाटेल मी ठेवला.

१ मार्च
ताई, ही डायरी तुझ्यापर्यंत यायची नाही, तरी लिहितो. फोन कर. रागावायला कर, कात्री घेऊन जा म्हणायला कर, पण लवकर कर. आठ दिवस झाले, मी फोनला चार्जर लावूनच बसलोय. १०० टक्के आहे.