मायसाठी मोटरची नाव

६ सप्टेंबर १९५९, रविवार
आज इंजिन घरी आलं. पांढरकवड्याच्या एका शिकारी साहेबाचं जुनं सामान विकायला निघालं, त्यातलं. नावेच्या मागे लावायचं, दोरी ओढायची, की नाव पळते. पंखा शाबूत. इंग्रजी पुस्तकही मिळालं, अर्धं उंदरांनी खाल्लेलं. मला पुस्तकाची गरज नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये नऊ वर्षं इंजिनावर आहे. (हजेरीत ‘हेल्पर’ लिहितात. ती कारकुनाची चूक.)
प्लॅन: दसऱ्याला मायला मोटरच्या नावेत बसवून पैनगंगेपल्याड मोठ्या मायकडे नेणार. मोठी माय म्हणजे मायची थोरली बहीण कांताबाई. माय कापूस वेचायला जायची तेव्हा मला पल्याड हिच्याकडे ठेवायची; हिनेच पाजलं, वाढवलं. मोठी माय पल्याड आंध्रात, आम्ही अल्याड. मध्ये फक्त पाणी.

७ सप्टेंबर
पाण्याच्या ड्रमात इंजिन उभं केलं. दोरी साठ वेळा ओढली. चालू नाही.
कारण सापडलं: प्लगवर काजळी. एका दिवसात रोग कळला, हे काय कमी आहे.

१५ सप्टेंबर
प्लग नाही. कार्ब्युरेटर. झाडूच्या काडीने साफ करून परत जोडला. एक स्क्रू उरला. साहेबाने जास्तीचा ठेवला असेल.
माय म्हणाली, ड्रम रिकामा कर, पाणी भराचं हाय. समजावलं की टेस्टिंग चालू आहे. ती घागर घेऊन नदीवर गेली.

२३ सप्टेंबर
मारोतीकाका नावाडी सांगत आला: कांताबाई लई खोकून राह्यली, बहिणीले पाहाचं म्हंते. आत्ताच बसवतो म्हणाला.
मी नको म्हटलं. कारण लिहून ठेवतो. याच्या बापाच्या काळी आमच्या लोकांना नावेच्या मागच्या टोकाला, ओल्यात बसवत. माय तिथेच बसून लग्नाला आली. आता आम्ही धम्म घेतला. माय जाईल ती स्वतःच्या मोटरच्या नावेत, पुढच्या फळीवर.
माय म्हणाली, “अरे, आता मारोती मले पुढंच बसवते. दोन वर्सं झाले.”
मुद्दा तो नाही. मुद्दा तिला कळला नाही.

१४ ऑक्टोबर
दसरा झाला.
सविस्तर लिहायची इच्छा नाही, पण रेकॉर्ड असावं. नाव मारोतीकाकाची, मागे इंजिन माझं. माय पांढरं लुगडं नेसून सकाळीच पुढच्या फळीवर बसली. बुद्धवंदना झाली. सगळी वस्ती घाटावर. दोरी ओढली. सत्तर वेळा. एकदा इंजिनाने उलटा झटका दिला, अंगठा सुजला. पोरं हसली. ऊन चढलं. माय बसून होती. मारोतीकाका बांबू धरून उभा होता, मी त्याच्याकडे पाहिलं नाही.
दुपारी माय उठली, लुगड्याचा काठ पिळला, म्हणाली, “चाल, भाकर खाऊन घे.”
निष्कर्ष: हवा फार दमट. नोव्हेंबर योग्य.

२० ऑक्टोबर
मोटार स्टँडवरचा मेकॅनिक बाबूसिंग आला. सगळं उघडून पाहिलं. म्हणाला, कॉइल जुनी हाय, कधी ठिणगी देईन, कधी नाही देनार. हिचा भरवसा नाही. मग हात पुसत म्हणाला, “धरमपाल भाऊ, बुढीले पयले बांबूच्या नावेतनं पोचव. मशीनचं मंग पाहू.”
ट्रकचा मेकॅनिक. पाण्यावरच्या इंजिनाचा अनुभव शून्य.

२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५
चालू झालं!!! घाटावर, तेराव्या ओढीला. निळा धूर, केवढा आवाज! झाडावरचे बगळे उडाले. चाळीस सेकंद मोजले. मग मीच बंद केलं आणि मायला आणायला पळत गेलो.

त्याच दिवशी, ७
माय आली. त्यानंतर सुरू झालं नाही. हात सोलले. माय दगडावर बसली होती. म्हणाली, “मी नाही आइकला आवाज, पन तू म्हंतं तं झालंच असंन.”
ती असं बोलली की वाईट वाटतं. का ते कळत नाही.

६ नोव्हेंबर
माय घरात नाही. शेजारच्या जमनाबाई म्हणाल्या, तांबडं फुटायच्या आधीच गाठोडं घेऊन मारोतीच्या नावेनं गेली.
मला सांगितलं नाही. मी रागावणार नाही. म्हाताऱ्या माणसांना धीर नसतो.
दुपारी मारोतीकाका परत आला. मोठी माय अंथरुणातून उठत नाही. सारखी म्हणते, लहान्या कुठं हाय. (मला लहान्या फक्त तीच म्हणते.) चाल म्हणाला, आत्ताच.
मी सांगितलं, परवा येतो. नवीन प्लग बसने येतोय. मोठ्या मायच्या दारापुढे मोटरनेच जाणार. आता रिकाम्या हाताने गेलो तर पल्याडचे लोक काय म्हणतील.
मारोतीकाका म्हणाला, “लोकाइचं काय करतं बे.” आणि गेला.

८ नोव्हेंबर
प्लग आला. साइज चुकीची. जुनाच पॉलिश करून चालवणार.

९ नोव्हेंबर
सकाळी मारोतीकाका पुन्हा. “धरमपाल, आज चाल. उद्याचं मी नाही सांगत.”
दोन तास मागून घेतले. तो घाटावर नाव लावून बसून राहिला.
११ वाजता. पॉइंट्स घासले.
दुपारी १ वाजता. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त झालं होतं. नवीन मिश्रण.
२ वाजता. मारोतीकाकाने हाक मारली. हात वर केला, आलोच म्हणून.
साडेतीन. प्लग काढून पुसला. ठिणगी आहे! बारीक, पण आहे.
साडेचार. मारोतीकाका पल्याडचे लोक आणायला गेला. उद्या पहाटे नक्की.

१० नोव्हेंबर
मारोतीकाका सकाळी आला. ओट्यावर बसला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं.
मी त्याच्या नावेत बसलो. बारा-पंधरा मिनिटं लागली. एवढाच रस्ता आहे. बांबू पाण्यात जाताना आवाजसुद्धा होत नाही.
मोठी माय केवढीशी दिसत होती.
माती दिली.
माय तिथेच राहिली आहे. मी एकटा परत आलो.

१३ नोव्हेंबर
शांतपणे विचार करता दोष कॉइलचा आहे. कॉइल बरोबर असती तर २ तारखेलाच मायला घेऊन पोचलो असतो. शिवाय चुकीचा प्लग पाठवणारा दुकानदार. शिवाय दमट हवा. नागपूरला कॉइलसाठी पत्र टाकलं. माझ्या बाजूने प्रयत्नात कसूर नाही.

१४ नोव्हेंबर
कालचं पुन्हा वाचलं. ठीक वाटलं नाही. पान फाडणार होतो. मागच्या बाजूला ऑइलच्या मिश्रणाचं प्रमाण लिहिलेलं आहे, म्हणून राहू दिलं.

१९ नोव्हेंबर
जिनिंगचा सीझन सुरू. बोलावणं आलं. गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही.
इंजिनाला हात लावला नाही. त्याच्यावर कोंबडी बसते.

२२ नोव्हेंबर, रविवार
पल्याड गेलो. मारोतीकाकाला म्हटलं, बांबू दे, मी मारतो. नाव गोल फिरली. त्याने बांबू परत घेतला, हसला नाही.
माय मोठ्या मायच्या अंगणात तूर पाखडत होती. मी पुष्कळ वेळ इकडचं-तिकडचं बोललो. मग विचारलं, मोठी माय शेवटी काही म्हणाली का.
माय सूप खाली ठेवून बोलली. तीन दिवस मोठी माय कान लावून पडली होती. तिला सांगून ठेवलं होतं, लहान्या मोटर घेऊन येऊन राह्यला. तर म्हणे, जातं बंद करा. उखळ बंद करा. पोराइले गप करा, मोटरचा आवाज आइकू नाही येत. शेजारपाजारच्या बायकांनी तीन दिवस दळण दुसऱ्या आळीत नेऊन दळलं.
“मंग?” मी म्हटलं.
“मंग मारोती तुह्यासाठी घाटावर थांबला होता, त्या दिवशी तिचा श्वास लागला. मी तिच्या कानापाशी गेली. म्हटलं, बाई, आला वो तुहा लहान्या. आइक, मोटर येऊन राह्यली.”
“मंग?”
“हो म्हने. येऊन राह्यली. लई जोरानं येऊन राह्यली, म्हने.”
मायने सूप परत उचललं. मी विचारलं, तेव्हा किती वाजले होते. म्हणाली, मले घडी कुठं समजते. ऊन उंबरठ्याच्या आत आलं होतं.
मी जाऊन उंबरठ्यावर बसलो. ऊन आत आलं तेव्हा घड्याळात पाहिलं. घरी येऊन ९ तारखेचं पान पाहिलं.
साडेतीन.