नागम्माच्या नावे घर

मी, साखराबाई किशनराव ढगे, राहणार मौजे बेळखेड, ता. बिलोली. जन्म रझाकार गेले त्याच्या दुसऱ्या सालचा. डोकं ठिकाणावर आहे. कुणी दाब आणलेला नाही, आणणाऱ्याची खैर नव्हती. लिहून ठेवते की:

१. शेत मुलगा रविकिरण यास. विकलं तरी माझी ना नाही. बोरमाळ लेक सिंधूला. भावाला पुसायचं काम नाही.

२. राहतं घर माझ्या नावचं आहे. ते नागम्माला. ही तेलंगणातून वीटभट्टीवर आली. भट्टी बंद पडली, तरी नवऱ्या-लेकरांसकट माझ्या पडवीत राहिली. बाई गोड न्हाई. वरणात चिंच इतकी घालते की दात आंबतात. पण आमच्या गल्लीत बाकी सगळ्या घरांना कुलपं. तिची लेकरं नसती तर शाळेलाही कुलूप लागलं असतं. माझे मालक वारले तेव्हा खांद्याला चौघं मिळेनात. तिचा नवरा न बोलावता पुढं झाला. रविकिरण पोचला राख सावडायला.

३. घर रविकिरणला का नाही, तेही लिहिते. गेल्या पंचायत इलेक्शनला उमेदवारानं जीप पाठवून पुण्याला गेलेली गावची पोरं आणली, त्यात रविकिरणही. नांदायचं तिकडं, मत इकडं. चावडीपुढं रविकिरण म्हणाला, "बाहेरच्यांची नावं यादीतून काढा. गाव आपलं हाय."

मी म्हटलं, "आरं, तुला पुण्यात घरमालकानं काय म्हणून काढलं?"

"आई, ते येगळं."

"काय येगळं? मराठवाड्याची माणसं नकोत म्हणला ना? रडत फोन केलास."

"चारचौघांत कशाला काढून राहिलीस?"

"चारचौघं हायत कुठं? अर्धे उद्या जीपनं जातील."

लोक हसले. तरी अर्ज झालाच, नागम्माचं नाव उडालं. माझ्या मागं तिला पडवीतून काढायला ह्यांना एक दिवस लागायचा नाही. म्हणून घर.

४. रविकिरणचं तिकडचं काम सुटलं, बिऱ्हाड मोडलं, तर त्यानं यावं. मागची खोली त्याची. फक्त आत येण्याआधी नागम्माला विचारायचं. ती 'ये' म्हणेल. मी तिला तसं सांगून ठेवलेलं नाही.

वाचून दाखवलं, ऐकलं, कबूल.

साखराबाई किशनराव ढगे (सही स्वतःची)
साक्षीदार: ग्यानोबा मारोती वाघमारे (सही)
सरजाबाई ग्यानोबा वाघमारे (डाव्या हाताचा अंगठा)
लिहिणार: धम्मानंद कांबळे, अर्जनवीस
बिलोली, १४ ऑक्टोबर २०२५