रविवारची गोळी बंद

४ ऑक्टो. २००४, सोम.
नाशिक. डॉ. बाईंच्या दवाखान्यात दोन तास बसले, आत दहा मिनिटं. विचारायचं ते विचारलं एकदाचं. मूल हवंय. वय तेहतीस, किती थांबायचं? आमचे हे, दिलीप, बाहेर पेपर वाचत बसलेले. वाचत कसले, जाताना-येताना तेच पान.
बाई म्हणाल्या, रविवारची गोळी, मेथोट्रेक्सेट, ती आधी बंद. गर्भाला घातक. बंद करून तीन महिने जाऊ द्यायचे, तोवर दिवस राहू नयेत याची काळजी घ्यायची. "सांधे उसळतील, तयारी ठेवा. आणि महिन्याभरात परत या, बाकीच्या गोळ्यांचं तेव्हा ठरवू."
पाच वर्षांपूर्वी एक पोटातच गेलं. पाठोपाठ हे संधिवाताचं लचांड. तेव्हापासून दर रविवारी जेवण झालं की ती गोळी, आणि सोमवारभर मळमळ. इतक्या शिव्या घातल्या तिला, आणि आज बंद म्हटल्यावर धस्स झालं.

५ ऑक्टो.
काल लिहायचं राहिलं. मी बाईंना म्हटलं, मार नाही, जखम नाही, तरी बोटं सुजतातच का? त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढलं. सांध्याच्या आत पातळ अस्तर असतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे येऊन बसतात आणि निरोप सोडतात. अस्तराच्या पेशीला बाहेरून निरोप चिकटला की आत तो एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, थेट केंद्रापर्यंत. मग ती वाढत सुटते, स्वतःच निरोप सोडायला लागते, कूर्चा खाते, हाड कुरतडते. गोळ्या काय करतात, तर हा गलका कमी करतात.
म्हटलं, आमच्या द्राक्षबागेतल्या जीएसारखंच की! बाईंना जीए माहीत नाही. राहतात नाशकात आणि द्राक्षं नुसती खायला माहीत. सांगितलं, जिबरेलिक ॲसिड, वाढीचं औषध; घड त्याच्या पाण्यात बुडवला की मणी फुगतो. तुला फुगायचंय का, असं त्याला कुणी विचारत नाही. हुकूम आला, फुगला.
"तुम्ही शिकलात काय हो?"
"बी.एस्सी. बॉटनी."
"तरीच," म्हणाल्या. उगाच बरं वाटलं.

१० ऑक्टो., रवि.
गोळी घेतली नाही. फवारणीच्या रजिस्टरमध्ये शेवटच्या पानावर आजची तारीख टाकून 'सगळ्या गोळ्या बंद' लिहिलं.
माल उतरायच्या आधी बागेत ठरलेले दिवस फवारणी बंद ठेवतो. सगळी. नाहीतर मण्यात औषधाचा अंश, रेसिड्यू, सापडतो आणि माल नापास. इथेही तोच हिशेब. म्हणून सगळंच बंद केलं. रविवारची, दोन वेळच्या पिवळ्या, सकाळची छोटी पांढरी. अर्धवट बंद करून काय उपयोग? लेकराला जागा द्यायची तर कोरी द्यावी. महिन्याभरात या म्हणाल्या होत्या, पण सांगायला आहे काय आत्ता. तीन महिने झाले की जाईन.
दि.ना फक्त रविवारच्या गोळीचं सांगितलं.

२ नोव्हें.
काहीही झालं नाही! मळमळ नाही, तोंडाला चव आली. शेपूची भाजी दोनदा वाढून घेतली. बाई उगाच घाबरवतात.

२१ नोव्हें.
बोटं उघडायला वेळ लागतोय. उठल्यापासून चहा होऊन, पाणी तापून, अंघोळ उरकेपर्यंत. मग बरी.
थंडी पडलीय, त्यामुळे असेल.

५ डिसें., रवि.
डिपिंग, म्हणजे घड जीएत बुडवणं, सुरू. पेठकडच्या बायांची टोळी आलीय, दरवर्षीचीच. जीएचं पाणी दरवर्षी मीच करते, ते माप मी कुणाच्या हाती देत नाही. आज पहिल्या ओळीत घड कसा बुडवायचा, किती वेळ, हे दाखवायला जीएच्या पाण्याचा मग उचलला आणि मनगटच गेलं. हातातला मग खाली. सगळं पाणी मातीत, थोडं साडीवर.
टोळीतली म्हातारी म्हणाली, "बाई, तुमी सावलीला बसा. आमी करतो ना."
तिच्या अंगावर ओरडले. काय चुकलं होतं तिचं? टाकीमागे जाऊन रडले. मग तोंड धुऊन आले. माप तिला सांगावं लागलं. बरोबर केलं तिने.

१२ डिसें.
दि.नी रजिस्टर उघडलं. शेवटचं पान बघितलं. मग कपाट. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी.
"सगळ्याच बंद? कोणी सांगितलं तुला?"
रेसिड्यूचं सांगितलं.
"अगं, तू काय बाग हायेस का?"
इतक्या वर्षांत माझ्यावर असे ओरडले नव्हते. मीही बोलले, तुम्हाला काय कळतंय, तुम्हाला कुणी हळदीकुंकवात बाजूला बसवत नाही. रात्रीची भाकरी त्यांनीच थापली. नकाशा झाला होता.

१४ डिसें., मंगळ.
नाशिक. बाईंनी कपाळाला हात लावला. "मी एक बंद करायला सांगितली होती. एक! पिवळ्या तर गरोदरपणातही चालतात. छोटी पांढरी स्टेरॉइडची, ती अशी एकदम थांबवणं तर धोक्याचं. तेच ठरवायला महिन्याभरात बोलावलं होतं ना?"
मान खाली घालून ऐकलं. हुशारी नडली. बॉटनी घाला चुलीत.
एक्स-रे काढला. उजव्या हाताच्या दोन पेरांत हाडाला कुरतडल्यासारखी खाच. मागच्या वर्षीच्या फोटोत नव्हती. ती आता भरून येत नाही. हे मी स्वतःच्या हाताने केलं.
बाई म्हणाल्या, रविवारची आत्ता पुन्हा सुरू केली तर हात जपले जातील, पण मूल वर्ष-दीड वर्ष पुढे. नाहीतर पिवळ्या आणि छोटी पांढरी सुरू करायची, आणि एप्रिलअखेरपर्यंत वाट बघायची. पिवळ्यांना असर दाखवायला दोन-तीन महिने लागतात. एप्रिलमध्ये नवा फोटो. दिवस गेले नसतील तर रविवारची सुरू, तिथे वाद नाही.
दि. म्हणाले, हिला काय वाटतं ते. मी एप्रिल म्हटलं.

१९ डिसें.
सासूबाईंना आज सगळं कळलं. शेंगा फोडत बसल्या होत्या. माझ्यापुढच्या शेंगाही हळूच आपल्याकडे ओढल्या.
"पोर नाय झालं तर नाय झालं. तू हाताने अधू नको होऊ, वैशे."
मला वाटलं होतं त्या दुसरंच बोलतील. आणि तरी रागच आला. चार पोरं मांडीवर खेळवून झालेल्या बाईला 'नाय झालं तर नाय झालं' म्हणणं सोपं आहे. त्यांनी सोललेल्या शेंगा खाल्ल्या.

१० जाने. २००५
तीन महिने पूर्ण. कुणाला सांगायचं? दि.ना सांगितलं. लाजले!

२३ फेब्रु.
माल उतरला. पास. गावात पेढे. मी यंदा एकही पेटी भरली नाही. दिवस या महिन्यातही राहिले नाहीत.

२० मार्च
नाही.
सासूबाई वेणी घालून देतात. तेल जास्त लावतात.

२७ एप्रिल, बुध.
पाळीला बारा दिवस वर गेलेत. यापूर्वीही एकदा नऊ गेले होते, म्हणून गप्प आहे.
सकाळी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं, फोड काढली, झाकण लावलं. ताटावर बसल्यावर लक्षात आलं, की ते मीच उघडलं. डिसेंबरपासून सासूबाईच उघडून देत होत्या. बोटं बघितली. पेरं सुकलेली, सूज नावाला.
मागच्या आठवड्यात बाई फोनवर बोलता बोलता म्हणाल्या होत्या, दिवस राहिले की पुष्कळ जणींचे सांधे आपोआप शांत होतात. पोटातलं लेकरू आईच्या शरीराला दुसरेच निरोप द्यायला लागतं. पण पिवळ्या गोळ्यांनाही आता चार महिने झालेत. त्याही एव्हाना लागू पडल्या असतील. कुणामुळे उतरलं, हे माझ्या बोटांना माहीत नाही.
उद्या नाशिक. दि.ना वाटतंय नुसता हाताचा फोटो काढायचाय. बाईंना मी फोनवर सांगितलंय, आधी लघवी तपासा, फोटो मागाहून.
पाच वर्षं देवाकडे मागत होते, हात दुखायचे थांबू दे. आज थांबलेत. आणि आता भीती वाटतेय, की ते नुसते गोळीनेच थांबले असतील.